रिअर पार्टीचा प्रश्न

नानासो हवालदारांनी चोवीस वर्षं फौजेत काढली, पण बंदूक हातात धरली ती वर्षाकाठी एकदा, रेंजवर, तीही नियम म्हणून. ते एज्युकेशन कोअरचे. जवानांना नकाशा वाचायला शिकवायचं, बढतीच्या परीक्षेला बसवायचं, घरी पत्र लिहिताना ज्याचा हात अडखळतो त्याला धीर द्यायचा, असलं त्यांचं सैनिकीपण. उंब्रजच्या पलीकडं, तारळीच्या काठावर त्यांचं गाव. गावात माजी सैनिक चाळीसच्या वर. कुणी बर्फात दोन बोटं ठेवून आलेला, कुणाच्या पोटरीत अजून छर्रा. त्या मंडळींत नानासोंना कुणी मास्तर म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा, आणि म्हणायचे मात्र सगळेच.

रिटायर होऊन येताना लोक ट्रंका भरभरून सामान आणतात. नानासोंच्या ट्रंकेत तळाला एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. पठाणकोटला युनिटची लायब्ररी आवरताना ते रद्दीच्या ढिगात निघालं होतं. पुठ्ठा गेलेला, पहिली वीसेक पानं गेलेली, त्यामुळं लिहिणाऱ्याचं नाव कळायला मार्ग नाही. आत ग्रीक आणि रोमन लोकांच्या जुन्या कथा होत्या, देवांच्या, राजांच्या, लढायांच्या, आणि प्रत्येक कथेच्या शेवटी चर्चेसाठी प्रश्न. पोराचा हट्ट पुरवणाऱ्या बापाला दोष द्यावा का? त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? या धर्तीचे. उत्तरं कुठंच नव्हती. नानासोंनी आधी शेवटची पानं चाळली, मग मधली. नव्हतीच. उत्तर दिशा कुठली हे जन्मभर ठासून शिकवणाऱ्या या माणसाला ते पुस्तक फार आवडलं, आणि का आवडलं ते त्यांना कधी धड सांगता आलं नाही.

गावात मारुतीच्या देवळामागं माजी सैनिकांची एक खोली आहे. तिथं रविवारी सकाळी, डेअरीत दूध घालून झालं की, नानासोंचा क्लास भरू लागला. पहिल्या रविवारी चौघे आले, तेही लाईट नव्हती आणि टीव्ही बंद होता म्हणून. दोन महिन्यांत पंधरा-सोळा झाले. पद्धत ठरलेली. आधी नानासो कथा मराठीत सांगणार, मग फळ्यावर एकच प्रश्न, मग हात वर करून एकेकानं बोलायचं. नानासो स्वतःचं मत द्यायचे नाहीत, कुणाचं चूक म्हणायचे नाहीत. "आणखी कोण?" एवढंच विचारायचे.

ती परदेशी नावं मात्र कुणाच्या जिभेवर ठरेनात. दोन-तीन रविवार झटापट झाल्यावर नावांना कायमची रजा दिली गेली. देव असलेल्या आपल्या बापाकडं रथ हाकायला मागणारा तो 'सूर्याचा पोरगा' झाला आणि वीस वर्षांनी लढाईवरून घरी परतणारा तो 'दर्यावरचा राजा'. सूर्याच्या पोराच्या रविवारी आवाज देवळापर्यंत गेले, कारण त्याच महिन्यात गावात तिघांनी पोरांना मोटरसायकली घेऊन दिल्या होत्या आणि त्यातले दोन बाप समोरच बसले होते. दर्यावरच्या राजाच्या रविवारी खोली गप्प होती. घरी आलेल्या राजाला त्याचं म्हातारं कुत्रं सगळ्यात आधी ओळखतं, हे ऐकल्यावर एक रिटायर नाईक उठून बाहेर गेला आणि नळावर तोंड धुऊन आला.

सगळ्यात जास्त बोलायचे ते सुभेदार लालासाहेब. त्यांची एक ठाम समजूत होती, की प्रश्न आहे म्हणजे उत्तर छापलेलं असणारच, आणि हा मास्तर ते पान दडवून ठेवतोय. एकदा ते कामासाठी साताऱ्याला गेले असता पोवई नाक्यावर पुस्तकांच्या दोन दुकानांत जाऊन त्यांनी ग्रीक लोकांचं गाईड मागितलं. दुसऱ्या दुकानदारानं त्यांच्या हातात दहावीच्या इतिहासाचं गाईड ठेवलं. लालासाहेबांनी ते आणून पुढचे दोन रविवार मांडीवर ठेवलं होतं.

तर अशा या नानासोंपुढं यंदा मार्चमध्ये एक खराखुरा प्रश्न आला, आणि तो प्रश्न आहे हेच त्यांच्या ध्यानात आलं नाही.

झालं असं, की मेढ्याच्या रस्त्याला, साताऱ्याच्या थोडं बाहेर एक निवासी शाळा आहे. त्या शाळेच्या साहेबांचा फोन आला. जूनपासून मुलांना शिस्त लावायला, कवायत घ्यायला, वर्गात उभं राहून बोलायला शिकवायला माणूस हवा होता. शाळेच्या आवारात दोन खोल्यांचं क्वार्टर मिळणार होतं. नानासोंची एकुलती एक मुलगी सृष्टी दहावीची परीक्षा देऊन बसली होती आणि तिला सायन्सला साताऱ्यातच जायचं होतं. नानासोंचे वडील, अर्जुनाआबा, आठ वर्षांपूर्वी अर्ध्या अंगानं गेलेले. त्यांचे डॉक्टर साताऱ्याचेच. सगळं कसं जुळून आलं होतं. नानासोंनी फोनवरच होकार दिला, फोन ठेवला आणि मग आत जाऊन बायकोला सांगितलं.

चंद्राबाईंनी विचारलं, "आन् हितलं?"

हितलं म्हणजे दोन म्हशी, घर आणि नदीकाठच्या मळीतला ऊस. नानासोंनी त्याचाही विचार करून ठेवला होता. फौजेत पलटण एका ठिकाणाहून दुसरीकडं हलते तेव्हा तिच्या तीन तुकड्या करतात. आधी पुढं जाऊन नवी जागा ताब्यात घेणारी अ‍ॅडव्हान्स पार्टी, मग सगळा बोजा घेऊन निघणारी मेन बॉडी, आणि जुनी जागा झाडून, मोजून, दुसऱ्याच्या ताब्यात देऊन सर्वांत शेवटी निघणारी रिअर पार्टी. नानासोंनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि मार्करनं झकास अक्षरात लिहिलं. अ‍ॅडव्हान्स पार्टी: नानासो, एक जून. मेन बॉडी: आबा आणि सृष्टी, दहा जून. रिअर पार्टी: चंद्राबाई, खोडवा गेल्यावर. खोडवा जायचा म्हणजे उभा ऊस येत्या हंगामात तुटायचा, त्याच्या बुडख्यातून पुन्हा फुटायचा, वाढायचा आणि त्याच्या पुढच्या साली कारखान्याला जायचा.

"दोन वर्सं म्हणजे काय, बघता बघता जातील," नानासो म्हणाले. "आबांचं आता मी करीन. तुलाबी जरा इश्रांती." हे ते अगदी मनापासून म्हणाले. आपण बापासाठी काही केलं नाही ही टोचणी त्यांना फार होती.

चंद्राबाईंनी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. त्या विट्याकडच्या, माहेरी असताना दहावी पास झालेल्या, अक्षर नानासोंपेक्षा चांगलं. "बरं," एवढंच म्हणाल्या. चोवीस वर्षांत प्रत्येक बदलीला, प्रत्येक लांबलेल्या रजेला त्या 'बरं'च म्हणत आल्या होत्या आणि नानासो त्याचा अर्थ होकार असाच घेत आले होते. त्यांनी कागद सोप्यातल्या खिळ्याला अडकवला. त्या दिवशी जेवताना सहज बोलता बोलता ते म्हणाले, की शाळेला मुलींच्या वसतिगृहासाठी एक बाई हवी आहे, मिळत नाही म्हणतात, तुझ्या बघण्यात कुणी असली तर सांग. चंद्राबाईंनी त्यांना आमटी वाढली.

पुढच्या रविवारी माजी सैनिकांच्या खोलीत पोलिओचे थेंब द्यायचं केंद्र होतं. दारात बाया आणि रडकी पोरं. म्हणून क्लास नानासोंच्या अंगणात भरला. जोत्याखाली सतरंज्या टाकल्या, फळा सोप्याच्या खांबाला टेकवला. नेहमीची मंडळी होतीच, शिवाय जोतिबा धनगर येऊन कडेला बसला होता. माणदेशातून तो दरसाल मेंढरं घेऊन येतो आणि खतासाठी नानासोंच्या रानात बसवतो. सोप्यात आबा खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होते. उंबऱ्याच्या आत चंद्राबाई सूप घेऊन शेंगदाणे निवडत बसल्या होत्या. बायका क्लासला येत नसत. पण आज क्लासच त्यांच्या दारात आला होता.

त्या दिवशीची कथा रोमन लोकांच्या भागातली होती. नानासो उभे राहून सांगू लागले. एक मोठं नगर होतं. दहा वर्षं शत्रूचा वेढा, आणि मग एका रात्री शत्रू कपटानं आत शिरला. घरं पेटली. त्या नगरात एक सरदार होता, देवभोळा, कर्तव्याला पक्का. त्याला कळलं की आता लढण्यात अर्थ नाही, घरचं माणूस वाचवायला हवं. त्याचा बाप पायानं अधू. म्हातारा म्हणे, मला इथंच मरू दे. सरदारानं ऐकलं नाही. खांद्यावर कातडं पांघरलं आणि बापाला पाठीवर घेतलं. घरातले देव बापाच्या हातात दिले. लहान पोराचं बोट धरलं. आणि बायकोला सांगितलं, तू थोडं अंतर ठेवून मागून ये. वेशीबाहेर एक जुनं देऊळ आहे, तिथं सगळे भेटू.

इथं नानासो पाणी प्याले. मंडळी पुढं सरकली होती.

सरदार आडवाटेनं, अंधारातून निघाला. पाठीवर बाप, हाताला पोर. देवळापाशी पोचला, बापाला उतरवलं, माणसं मोजली. बायको नव्हती. मग तो वेड्यासारखा उलटा धावला, जळत्या गल्ल्यांतून हाका मारत फिरला. शेवटी तिची सावली त्याच्यासमोर उभी राहिली. ती म्हणाली, मी गेले, तू जा, तुझ्यापुढं मोठं राज्य आहे. त्यानं तीनदा तिला कवेत घ्यायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा हात रिकामे आले. पुढं त्याच्या वंशानं रोम उभं केलं.

नानासोंनी फळ्यावर प्रश्न लिहिला: बायकोला मागून यायला सांगितलं, हे योग्य होतं का?

लालासाहेबांचा हात आधीच वर होता. "योग्य. शंभर टक्के. सगळी एका घोळक्यानं गेली तर सगळीच सापडायची. अंतर ठेवूनच चालायचं असतं. आन् मागं ठेवायचं ते कच्चं माणूस न्हाई ठेवत कवा. रिअर पार्टीला भरवशाचा माणूस लागतो." एवढं बोलून त्यांची नजर सोप्यातल्या खिळ्याकडं गेली. त्यांनी चष्मा सारखा केला आणि कागद मोठ्यानं वाचून दाखवला, तारखांसकट. "ह्ये बघा. हवालदारानं तेच केलंय. ह्याला म्हणायचं प्लॅनिंग."

चार-पाच जणांनी माना डोलावल्या. नानासो सुखावले. क्लासमध्ये स्वतःचं उदाहरण कधी निघालं नव्हतं आणि निघालं ते असं, सुभेदाराच्या तोंडून.

"आणखी कोण?"

जोतिबानं हात वर केला नाही, त्याला पद्धत ठाऊक नव्हती. तो तसाच बोलला. "आमी मेंढरं घिऊन हालतो तवा बायामाणसं आन् लेकरं घोड्यांबरं फुडं जात्यात. बिऱ्हाड त्यांच्याकडंच असतं. मेंढरामागनं गडीमाणूस चालतो. मागं चालणाराला लांडगा धरतोय, सायेब."

लालासाहेब म्हणाले, "ते मेंढराचं, हे लढाईचं." नानासोंनी सवयीनं पुन्हा विचारलं, "आणखी कोण?" आणि नजर फिरवली. समोरच्या कुणाचाच हात वर नव्हता. उंबऱ्याच्या आत एक हात वर होता, शेंगदाण्याची लाल फोलपटं चिकटलेला.

नियम तो नियम, म्हणून नानासोंनी मानेनं बोलायची खूण केली.

"त्यानं मागं ठिवलं ते बरोबर का चूक, मला न्हाई सांगता यायचं," चंद्राबाई म्हणाल्या. आवाज रोजचाच होता. "पर मला एक सांगा. ती हरवली ह्ये त्याला कवा कळालं?"

नानासोंनी पुस्तकात पाहिलं, पाहायची गरज नव्हती तरी. "देवळापाशी पोचल्यावर."

"म्हंजे सबंध वाटंनं एकदाबी त्यानं मागं बघितलं न्हाई."

"पाठीवर बाप हुता, वैनी," लालासाहेब म्हणाले.

"व्हय, भावजी. बाप हुता, एका रातीपुरता. मामंजींना मी आठ वर्सं उचलतीया. आंगुळीला, संडासला, उन्हाला बसवायला. त्यांना उचलून मागं बघता येतं. मान मोकळी असती."

आबांची खाट करकरली. नानासोंना वाटलं आता ही थांबेल, आणि त्यांना ती थांबायला हवी होती. चंद्राबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"पठाणकोटला तुमाला क्वार्टर मिळालं हुतं," त्या म्हणाल्या, आता सरळ नानासोंकडं बघत. "तुमी सोडलं. मला सांगितलं न्हाई. कराडला एका लग्नात मला तुमच्याबरच्या हवालदाराची बायकू भेटली. म्हणाली, तुमच्या मालकांनी सोडलेलं क्वार्टर आमाला मिळालं, लय हवेशीर हुतं, दारात लिचीचं झाड हुतं. मी म्हणलं, व्हय, ठावं हाय मला. अकरा वर्सं झाली त्याला." त्यांनी खिळ्याकडं बोट दाखवलं. "आन् आता ह्या कागदावर सगळ्यांना तारीख हाय. मला न्हाई."

त्यांनी सूप उचललं आणि त्या आत गेल्या.

क्लास कसा सुटला ते नानासोंना नंतर आठवेना. मंडळी एकेक करून उठली. सतरंज्या जोतिबानं गुंडाळून दिल्या.

नानासो खांबाला टेकून बसून राहिले. त्यांना लाज वाटत होती, चारचौघांत झालं म्हणून आधी, आणि मग खरी. त्या क्वार्टरच्या वेळी त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती. चंद्राबाई पठाणकोटला आल्या असत्या तर आईचं कोण करणार? विचारून काय उपयोग, उगाच तिच्या जिवाला लागेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं आणि त्याला मोठेपणा मानलं होतं. आज त्यांना स्वच्छ दिसलं, की विचारलं नाही ते तिच्या जिवासाठी नव्हे. विचारलं असतं आणि ती 'येते' म्हणाली असती तर, ही भीती होती. हजारो जवानांना त्यांनी प्रश्न विचारले, गावाला विचारले, आणि घरात एकही विचारला नाही.

दुपार कलल्यावर त्यांनी कागद खिळ्यावरून काढला आणि ते गोठ्यात गेले. चंद्राबाई म्हशींना वैरण टाकत होत्या.

"माझं चुकलं," नानासो म्हणाले. "तुला काय वाटतं? काय करायचं आपण?"

चंद्राबाईंनी हातातलं काम चालू ठेवलं. वैरण टाकून झाली, शेण काढून झालं, एका म्हशीची धार झाली. नानासो गव्हाणीला टेकून उभे होते. "आणखी कोण?" म्हणायची सोय इथं नव्हती.

"शाळंला ती बाई मिळाली का?" चंद्राबाईंनी विचारलं.

"न्हाई. काल बी फोन हुता."

"मग मी जाते."

नानासोंना वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"मी जाते," चंद्राबाई म्हणाल्या. "सृष्टी माझ्याबरं ऱ्हाईल. वसतिगृहाच्या बाईला बी क्वार्टर असंलच की. आबांना तिकडं न्हिऊन हाल करू नका, त्यांना ह्यो सोपा लागतो, रस्त्यानं जाणारं माणूस दिसावं लागतं. तुमाला त्यांचं करायचंय न्हवं? करा. मी बी बघते दुसऱ्या गावात ऱ्हाऊन कसं वाटतं ते."

"आन् माझी नोकरी?"

"तुमी केली की चोवीस वर्सं." यात टोमणा होता की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं नाही. "खोडवा गेल्यावर बघू."

नानासोंच्या तोंडात चार कारणं आली. घर कसं चालणार, लोक काय म्हणतील, तुला सवय नाही, मला धार काढता येत नाही. त्यातलं शेवटचं तेवढं खरं होतं, म्हणून त्यांनी तेवढंच सांगितलं.

"शिकवते," चंद्राबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या म्हशीखाली बादली सरकवून त्या बाजूला झाल्या.

शाळेच्या साहेबांना नानासोंचा फोन गेला तेव्हा त्यांना आधी गंमतच वाटली. मग त्यांनी चंद्राबाईंना भेटायला बोलावलं, अर्धा तास बोलले आणि जूनपासून या म्हणाले. क्वार्टरच्या कागदावर रहिवाशाचं नाव म्हणून चंद्राबाईंनी स्वतःचं नाव लिहिलं, मोठ्या वळणदार अक्षरात, आणि एकदा वाचून पाहिलं. नानासो शेजारच्या खुर्चीवर बसून होते. त्यांना ते अक्षर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट दिसलं.

एप्रिल-मे नानासोंची शिकवणी चालली. म्हशीनं पहिले आठ दिवस त्यांना दूध दिलं नाही, नवव्या दिवशी अर्धं दिलं. आबांना उचलताना कमरेत कुठं हात घालायचा, त्यांचा वळलेला हात कसा सोडवायचा, कुठल्या गोष्टीला ते नाही म्हणतात आणि कुठल्या 'नाही'चा अर्थ 'थोडं थांबा' असतो, हे चंद्राबाईंनी एकेक करून दाखवलं. नानासोंनी वहीत लिहून घेतलं. गावानं बोलायचं ते बोलून घेतलं. लालासाहेब भेटेल त्याला सांगत, "हवालदार रिअर पार्टीला हाय ह्या बारीला," आणि स्वतःच हसत. पण एकदा नानासो शेतात असताना तेच येऊन आबांना उन्हात बसवून गेले, हेही सांगायला हवं. रविवारचा क्लास चालू होता. आता तो नानासोंच्या अंगणातच भरायचा आणि उंबऱ्याच्या आत शेजारच्या तीन-चार बायका बसायच्या. त्यातली अंबूबाई हात वर न करता बोलायची आणि तिला कुणी अडवायचं नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी नानासो दोघींना सोडायला उंब्रजच्या स्टँडवर गेले. दोन पिशव्या आणि एक ट्रंक. साताऱ्याची गाडी वेळेवर आली. सृष्टीनं खिडकीची जागा पकडली. चंद्राबाई चढताना म्हणाल्या, "काळ्या म्हशीला आधी गोंजारा, मग बसा," आणि आत गेल्या. ट्रंक सीटखाली जाईना म्हणून दोघींचं काहीतरी चाललं होतं, कंडक्टर काही म्हणत होता. गाडी सुटली तेव्हा त्या दोघी ट्रंकेतच गुंतलेल्या होत्या.

चोवीस वर्षं नानासो या स्टँडवर गाडीच्या आत होते. गाडी सुटली की त्यांचं मन पुढं धावायचं, पुढची रेल्वे, रिझर्व्हेशन, हजेरीची वेळ. खाली उभी राहणारी चंद्राबाई त्यांना गाडी वळेपर्यंत दिसायची. वळल्यावर ती घरी जात असेल, असा त्यांचा हिशेब. आज गाडी वळून हायवेला लागली, दिसेनाशी झाली, आणि त्यांचे पाय हलेनात. पुढची गाडी लागली, माणसं उतरली, चढली, ती पण गेली. तरी ते उभे होते. इथं किती वेळ उभं राहायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

घरी आले तेव्हा दुपार झाली होती. आबा खाटेवर जागे होते.

"चंद्रा गेली?"

"गेली."

"कवा यायची?"

नानासो चप्पल काढता काढता थांबले. "इचारलं न्हाई."

आबा छताकडं बघत राहिले. बोलायला त्यांना वेळ लागायचा. "तू गेलास का मी तिला ह्येच इचारायचो. कवा यायचा नाना. रोज इचारायचो."

"मग काय म्हणायची?"

"काय न्हाई. म्हणायची, भाकरी गरम हाय तवर खावा."

नानासो आत गेले. परातीत पीठ घेतलं, पाणी ओतलं, ते जास्त झालं, मग आणखी पीठ घातलं. पहिली भाकरी तव्यावर टाकताना फाटली. ती त्यांनी भाजून स्वतःच्या ताटात ठेवली आणि आबांसाठी दुसरी थापायला घेतली.